उघडं राहिलेलं वॉट्सअ‍ॅप

माझ्याच नंबरवरून मला मेसेज आला! "तुमचं वॉट्सअ‍ॅप आमच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलंय. बंद करतोय. – सम्यक, झेरॉक्सवाला."

डोकंच फिरलं. सकाळी आईचा रिपोर्ट प्रिंट करायला लॉगिन केलं होतं ते तसंच ठेवून आले होते. पायात चपला सरकवून तडक डिलाईल रोडवरच्या त्याच्या दुकानात गेले.

"माझ्या वॉट्सअ‍ॅपला हात लावायला कुणी सांगितलं रे?"

"बंद करायला हात लावावाच लागतो..." तो हसला. गालावर खळी पडली. मला त्या खळीचाही राग आला.

"काही वाचलंस?"

"रिपोर्ट उघडाच होता. आईंचं नाव आणि दोन ओळी वाचल्या. मग बंद केला. डाउनलोडमधूनही उडवला."

मेल्याने खोटं तरी बोलायचं! आईच्या छातीत गाठ निघाली होती. चाळीत कुणाला कळता कामा नये, अशी तिने मला शपथ घातली होती. दारात येऊन चुकचुकणाऱ्या बायका तिला नको होत्या. आणि हा परका मुलगा दोन ओळी वाचून बसलेला.

"कुठे बोललास तर बघ!"

"नाही बोलणार," तो सरळ डोळ्यांत बघत म्हणाला. मीच नजर वळवली.

चार दिवसांनी नळावर शेजारच्या रखमाकाकूंनी गाठलं. "मनवा गो, आवशीक कसा आसा? गाठीचा काय म्हणता डाक्टर?"

बादली तिथेच आपटली. सम्यकच्या दुकानात पाच गिऱ्हाईकं होती. सगळ्यांदेखत त्याला धुतला. चोमडा म्हटलं, विश्वासघातकी म्हटलं. "मी नाही सांगितलं," एवढंच तो बोलला.

घरी येऊन आईवर ओरडले, "घे, झालं चाळभर!"

आई चाचरली. "अगं... लॅबवाल्याने नंबर विचारला. मी काकूंचाच दिला."

आमच्याकडे फोन नव्हता तेव्हापासून गॅसला, रेशनला, सगळीकडे आई काकूंचाच नंबर देते. घरात तीन मोबाईल आले, तरी सवय सुटली नाही. मी मागवला तोच रिपोर्ट लॅबने काकूंच्या फोनवरही पाठवला होता. आता रागवायचं तरी कुणावर?

दुकान बंद व्हायच्या वेळी गेले.

"चुकलं माझं," मी फणकाऱ्यानेच म्हणाले. "पण तू गप्प का बसलास? शिव्या खात?"

"बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं – काय झालं, कुणाच्या आईला?"

मी समोरच्या स्टुलावर बसले. "आई बरी होईल ना रे?"

"ऑपरेशन कधी?"

"सोमवारी. परळला."

"मी येऊ? ...बाहेर बसेन. कुणी विचारलं तर प्रिंट द्यायला आलोय म्हणेन."

"ये. आधी फोन कर."

"तुमचा नंबर नाही माझ्याकडे."

"नाही? अरे, अख्खं वॉट्सअ‍ॅप तुझ्यापुढे उघडं होतं!"

"नंबर समोर होता. घेतला नाही." तो वायर गुंडाळत पुटपुटला, "तुम्ही द्याल तर... म्हणून थांबलो."

असा राग आला म्हणून सांगू! गल्ल्यावरचं पेन उचललं, त्याचा हात ओढला आणि तळहातावर दहाही आकडे दाबून लिहिले.

"मूर्ख कुठला," म्हटलं. "आणि मला तुम्ही म्हणणं बंद कर."