डबा उतरला कुठं?

वैष्णवी सोमवारी दुपारी बाळंतपणात गेली. मंगळवारी सकाळी फौजदार महादेवी बिराजदार वस्तीवर आल्या.

गेलेल्या पोरीला काय विचारणार? प्रश्न होता डब्याचा. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायची इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात घालून नातेपुत्याहून ड्रोननं पाठवली होती. ती उपकेंद्रात पोचलीच नाहीत. ड्रोन मात्र मोकळा परत गेला. नर्स उत्कर्षानं डबा विकला, असं वस्ती बोलू लागली. लोकांच्या तोंडाला कुठं झाकण असतं! उत्कर्षाची नोकरी जाणार होती, वर गुन्हाही दाखल होणार होता.

ड्रोन चालवणारा युवराज फोनवर होता.

"डबा उतरला की, मॅडम. ड्रोन खाली पांढरं कापड शोधतो. त्यावरची काळी फुली दिसल्याबिगर डबा सुटतच न्हाय. फोटो पाठवलाय बघा."

फोटोत डबा होता, फुली होती. कापडावर दोन-तीन तपकिरी ठिपके होते.

"हे काय?"

"खडं असतील."

डबा शाळेच्या मैदानात उतरायचा. तिथं कापडाच्या चार कोपऱ्यांचे चार दगड तेवढे होते. मधलं कापड नव्हतं.

"चोरानं डब्याबरोबर नेलं असेल," उत्कर्षा म्हणाली.

"काल तुम्ही बाहेर आला होता?"

"वैष्णवीला सोडून कशी येऊ? डबा आणायला तिच्या सासूला पाठवलं."

दोघी वैष्णवीच्या घरी गेल्या. सासू गोजाबाई दारात बसली होती. मांडीवर एका दिवसाची नात, शेजारी डिंकाच्या लाडवांची झाकलेली परात. डोळे कोरडे होते.

"ड्रोन बघितलात, मावशी?"

"बघितला की. घूं घूं करत आला, शाळंवरनं हिकडं गेला. मला वाटलं, माघारी गेला."

नातेपुतं तर उलट्या बाजूला होतं. शाळेच्या या अंगाला एकच घर होतं, गोजाबाईचं.

महादेवी जिना चढून स्लॅबवर गेल्या. डबा घेऊन खाली आल्या. बर्फाचं पाणी झालं होतं. एकही इंजेक्शन फुटलेलं नव्हतं.

"चोरी झालीच नाही," त्या म्हणाल्या. "ड्रोन मैदानावर आला, तिथं फुली नव्हती. फुली दिसली या स्लॅबवर. त्यानं डबा इथंच ठेवला. फोटोतले ठिपके म्हणजे कापडावर राहिलेल्या खारका, अजून वर पडल्यात. लाडवाची खारीक कशावर वाळवलीत, मावशी?"

गोजाबाईला समजायला वेळ लागला.

"आठ दिस नुसतं पडल्यालं कापड. रविवारी मैदानातनं आणलं. बाळंतिणीच्या लाडवाची खारीक, घाणीवर कशी वाळवू?" मग म्हणाली, "त्ये कशाला हाय, आमाला कुणी सांगितलंच न्हाय की वं."

महादेवींनी उत्कर्षाकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिनं वस्तीत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मंजी मीच व्हय, बाई?"

महादेवींना खोटं बोलावंसं वाटलं.

"व्हय, मावशी."

 गोजाबाईनं परातीवरचं फडकं काढलं आणि परात पुढं सरकवली.

"चार तरी न्या. हितं खाणारं कोन ऱ्हायलं न्हाय."