घरातली भाषा

रत्नप्रभा दुपारी सासूबाईंसाठी रसम-भात कालवत होती. एग्मोरच्या त्या फ्लॅटमध्ये एरवी हे काम तवमणीचं. तवमणी म्हणजे सासूबाईंना सांभाळणारी बाई, श्रीलंकेतून होडीत बसून आलेली. तिच्यापाशी पासपोर्ट नाही, आधार नाही, म्हणून पगारही निम्मा. अर्धांगानं पडलेल्या म्हातारीचं हगणं-मुतणं सहा वर्षं तिनंच काढलं. म्हातारी जेवायची तीही फक्त तिच्याच हातून. दुसऱ्या कुणी घास पुढं केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

आज सकाळी पोलीस कागदपत्रं नसलेल्यांची दारोदार चौकशी करत आले. तवमणीच्या तोंडचं पाणी पळालं. रत्नप्रभाचा नवरा वेंकटरमण गोंधळून बायकोकडे बघू लागला. आता पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या तंजावरी मराठी घराची एक खोड सांगायला हवी. परक्यापासून काही लपवायचं असलं, की तमिळ सोडून मराठीत बोलायचं, अगदी त्याच्या तोंडावर! रत्नप्रभाही तशीच बोलली.

"अहो, सांगा, ही आमची कुणी नाही. काम मागायला आली होती म्हणावं. नाहीतर आपणच अडकू."

वेंकटरमणनं पोलिसांना तमिळमध्ये तसंच सांगितलं. तवमणी चपलाही न घालता त्यांच्याबरोबर गेली. मागोमाग वेंकटरमणही ऑफिसला निघून गेला, आणि रत्नप्रभाला स्वतःचीच किळस येत राहिली. पण म्हातारीला उपाशी कसं ठेवायचं?

ती वाटी घेऊन खोलीकडे निघाली. वीज गेली होती, पंखे बंद होते. बंद दाराआडून तिळाच्या तेलाचा वास आला. तवमणी डोक्याला लावायची ते तेल. असेल उशीला लागलेलं, रत्नप्रभानं मनाची समजूत घातली.

तेवढ्यात फोन वाजला. वेंकटरमणचा होता.

"प्रभा... पोलिसांचा फोन आला होता. तवमणी वाटेत गाडीतून उतरून पळाली गं... बसखाली आली. जागच्या जागी गेली."

फोन ठेवला तोच आत कुणीतरी हळू बोललं.

"आई... अजून एक घास. माझ्यासाठी..."

मराठीत! सासूबाईंच्याच जुन्या वळणाची मराठी, पण आवाज तवमणीचा.

सहा वर्षं म्हातारीपाशी बसून बाई भाषा शिकली होती. म्हणजे सकाळचं सगळं तिला कळलं होतं. त्याआधी तिच्या तोंडावर बोललेलंही कळलं असणार. 'हिचा पेला वेगळा ठेवा.' 'जाणार कुठं, राहील मुकाट.' अगं आई गं! भीतीच्या आधी शरमच वाटली तिला. कान तापले, मान वर होईना.

तिनं दार ढकललं. उशीवरून मान न उचलणाऱ्या सासूबाई ताठ बसल्या होत्या. तोंडात घास होता, हनुवटीला रसम लागलं होतं. रत्नप्रभाच्या हातातली वाटी मात्र काठोकाठ भरलेली होती.

"आई... कोण आहे इथं?"

म्हातारी सावकाश चावत राहिली. मग म्हणाली, "ती विचारतेय... खुर्चीवर बसू का?"

सहा वर्षांत तवमणीला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. ती फरशीवर बसायची. ते कुणाला खटकलंही नव्हतं.

रत्नप्रभाला पळून जावंसं वाटलं, पण ती आत गेली. वाटी खाली ठेवून तिनं वेताची खुर्ची पलंगाशी ओढली.

"बस... बस गं, तवमणी."

वेत करकरला, आणि खुर्चीची बैठक हळूहळू खाली दबत गेली.