अकराव्याची ओ

त्या दिवशी सकाळी मी आधी मुलीकडे गेलो. तिच्या शेगडीचा एक पाय मोडला होता. तो लोहाराकडून सांधून आणला होता, तेवढा पोचवायचा होता. ती खाणीच्या घरांच्या ओळीत राहायची, नदीला लागून शेवटचं घर. दिवस गेले होते तिला, सहावा महिना होता. जावई उंबऱ्यात बसून बूट चढवत होते.

मुलगी म्हणाली, "बाबा, शेगडी झाली नीट. आता तुमच्या जावयांनाही त्याच लोहाराकडे न्या. रोज काहीतरी विसरून येतात. काल टोपी, परवा डबा."

"डबा रिकामाच होता ना," जावई म्हणाले.

"रिकामा होता म्हणूनच विसरला. भरलेला कधी विसरत नाही तुम्ही."

आम्ही दोघे हसत बाहेर पडलो. माझ्या मनात काही नव्हतं. पाल चुकचुकली, डोळा फडफडला, असलं काही झालं असं लोक मागाहून सांगतात. माझ्या बाबतीत तसं काहीसुद्धा झालं नाही. साधी सकाळ होती.

आमचं गाव म्हणजे दोन डोंगरांमधली चीर. एका डोंगराला खाण, समोरच्याला नुसता काळा कडा. थंडीच्या दिवसांत दुपारी तीनलाच सूर्य त्या कड्यामागे जायचा, खाण सुटायची आणि बायका दिवे लावायच्या. गावात सपाट जागा एकच, नदीकाठचं मैदान. खाण सुटली की आम्ही तिथे जाळं बांधून चेंडू खेळायचो, अंधारात तो कुणाच्या तरी नाकावर बसेपर्यंत. पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून कड्याला हाका मारायची. कडा प्रत्येक हाक परत द्यायचा, जशीच्या तशी. आमचा न्हावी म्हणायचा, "या गावात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकच."

त्या कड्याची भीती आम्हाला कधी वाटली नाही. उलट त्याच्या भरवशावर आमचं काम चालायचं. ते कसं, हे आधी सांगतो.

खाणीत दगड फोडणारे अकरा जण होते. त्यांच्यावर मुकादम, आणि मी शिट्टीवाला. सगळे मला शिट्टीच म्हणायचे. मला लिहिता-वाचता येत नाही, पण ते काम तसं लिहिण्या-वाचण्याचं नव्हतंच. सुरुंग भरून झाले की मी दोन आखूड शिट्ट्या द्यायचो. माणसं आपापल्या आडोशाला जायची, कुणी कुठल्या खडकामागे, कुणी कुठल्या कपारीत. मग मी वरच्या कठड्यावरून हाक द्यायचो आणि एकेकाने आपला आकडा ओरडायचा. पहिल्याने एक म्हणायचं. कड्याकडून तो एक परत आला की दुसऱ्याने दोन. आवाजात आवाज मिसळू नये म्हणून ही थांबायची रीत. अकरावा आकडा परत आला की माझी एक लांब शिट्टी. त्यानंतर मुकादम दहापर्यंत मोजायचा आणि तारेच्या पेटीची मूठ दाबायचा. खाली बार उडायचा. तेवीस वर्षं आम्ही असेच मोजत आलो होतो. एका माणसाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं.

जावयांचा आकडा अकरा. लग्नानंतर मीच त्यांना खाणीत लावलं होतं. मुलीच्या मनात नव्हतं. तिला मी म्हणालो होतो, "शिट्टी माझ्या तोंडात आहे तोवर त्यांच्या केसाला धक्का लागायचा नाही." शब्द दिला होता. खाणीत बाकीचे त्यांची फार थट्टा करायचे. "सरका रे, जावई आले, पाट मांडा." ज्याचा आकडा एक, त्या दणदणीत आवाजाच्या गड्याला आम्ही भोंगा म्हणायचो; तो तर त्यांची पहार उचलून न्यायचा आणि म्हणायचा, "सासऱ्यांसमोर जावयाने हात मळवायचे नसतात." त्यामुळे घरी मला मामा म्हणणारे जावई खाणीत चुकूनही मामा म्हणत नसत. तिथे ते मला शिट्टीवालेच म्हणायचे.

त्या दुपारी नदीवरून धुकं चढलं. असं धुकं, की पुढे केलेला स्वतःचा हात मनगटापासून पुसल्यासारखा वाटावा. ओल्या दगडाचा वास आणि त्यात सुरुंगाच्या दारूचा कडवट वास. आठ सुरुंग भरून तयार होते. सूर्य जायच्या आत उडवायचे म्हणून मुकादमाची घाई चालली होती.

मी दोन आखूड दिल्या. खाली बूट वाजले, मग शांत झालं. मी हाक दिली.

भोंग्याने एक म्हटलं. कड्याने एक म्हटलं. दोन गेला, दोन आला. तीन, चार. धुक्यामुळे आवाज जरा कापसात गुंडाळल्यासारखे येत होते एवढंच. दहा गेला. दहा आला.

आता अकरा.

मी वाट पाहिली. खालून काही आलं नाही. आणि मग समोरून, कड्याकडून आलं…

"अकरा…"

जावयांचाच आवाज. जरा घोगरा, शेवटाला खाली पडणारा.

"झाले अकरा," मुकादम म्हणाला. "दे शिट्टी."

मी शिट्टी ओठांपर्यंत नेली होती. तशीच धरून ठेवली.

"तू खालून ऐकलास का अकरा?"

"अरे धुकं आहे. आवाज कुठला कुठे जातो. आकडा परत आला की नाही?"

"परत आला," मी म्हणालो. "पण गेला कधी?"

मी पुन्हा हाक दिली. "अकरा नंबर, आहात का?"

खाली नुसतं पाणी ठिबकत होतं. आणि समोरून, त्या काळ्या कड्यातून, सावकाश…

"आहे… मामा… आहे."

"बघ, बोलतोय की माणूस," मुकादम म्हणाला. पण हे बोलताना तो माझ्याजवळ सरकला होता.

मी म्हणालो, "मी खाली जाऊन येतो. मी वर येऊन स्वतः शिट्टी देईपर्यंत त्या मुठीला हात लावू नकोस. मुलीची शपथ आहे तुला."

"जा बाबा. पण लवकर ये."

एक पहार उचलली आणि उतरलो. ती वाट मी डोळे बांधून चाललो असतो, पण त्या दिवशी दर पावलाला आधी पहारीने चाचपत होतो. हाक मारावीशी वाटत होती. मारली नाही. ओ कोण देईल, याची भीती वाटत होती.

सुरुंगांच्या ओळीत शिरलो. दगडातून निघालेल्या लाल तारा पायाशी दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध जावई बसलेले. आडोशाला जाता जाता डबा राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं, त्यासाठी ते मागे फिरले होते. वरचा दगड घसरून त्यांचा पाय घोट्यापर्यंत फटीत अडकला होता.

ते ओरडत होते. तोंड आ वासलेलं, मानेच्या शिरा ताठलेल्या, डोळ्यांतून पाणी. जीव खाऊन ओरडत होते, आणि त्या तोंडातून श्वासाइतकासुद्धा आवाज येत नव्हता. मी हातभर अंतरावर उभा होतो. काहीच येत नव्हतं. आणि दूर, दरीपलीकडे, कडा शांतपणे म्हणत होता…

"आहे… मामा… आहे…"

काय सुचलं कोण जाणे, मी पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

कडा थांबला.

मी तसाच थोडा वेळ थांबलो. मग हात काढला. जावई अगदी कानाशी लागून कुजबुजले, "मामा, मी नको म्हणतोय… केव्हापासून नको, नको म्हणतोय…"

"आता काही बोलू नका," मी म्हणालो.

फटीत पहार घातली. दगड हलेना. दोघांनी जोर लावला. बूट आतच राहिला, पाय निघाला. घोटा सोलून निघाला होता. त्यांचा हात माझ्या गळ्यात घेतला आणि दोन पावलं टाकली.

तेवढ्यात वर शिट्टी वाजली.

एक. लांब.

माझा हात आपोआप छातीवर गेला. माझी शिट्टी माझ्या गळ्यातच होती, दोरीला, ओली, गार. गावात दुसरी शिट्टी नव्हती. मी ती तोंडात धरून दोन आखूड फुंकल्या, पुन्हा दोन, गाल फुटतील इतक्या. माझ्या कानांना ऐकू आल्या. पण त्या समोरून परत आल्या नाहीत. इतक्या वर्षांत कड्याने काही परत दिलं नाही, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. जणू कुणी ओंजळ पुढे करून त्या मधल्यामध्ये झेलल्या.

दहापर्यंत मोजायचं. वर मुकादम मोजत असणार. जावईही मोजत होते, ओठांनी, बिनआवाजाचे. चारला मी त्यांना पाठीवर घेतलं. सहाला धुक्यात काहीतरी काळं दिसलं, खडी वाहायची लोखंडी ढकलगाडी, उलटी पडलेली. आठला त्यांना तिच्याखाली लोटलं. नऊला मी आत शिरलो.

मग जमीनच उचलली गेली. गाडीवर दगड पडत राहिले. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

धुरळा बसल्यावर आम्ही वर आलो. बाकीचे दहा जण धावत आले, कुणी जावयांना धरलं, कुणी पाणी आणलं. मुकादम पेटीजवळ बसला होता. त्याने मला खालून येताना पाहिलं. मग मान वळवून त्याने स्वतःच्या उजव्या बाजूला पाहिलं, जिथे कुणी नव्हतं.

"तू… खालून कसा?"

मी त्याची गचांडी धरली. आयुष्यात कुणाच्या अंगावर गेलो नव्हतो, त्या दिवशी गेलो. "शपथ घातली होती मी तुला!"

"तू वर आलास रे," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "इथे उभा राहिलास. माझ्या खांद्यावर हात ठेवलास. धुक्यात तोंड नीट दिसलं नाही, पण आवाज तुझाच. म्हणालास, सापडले, घेऊन आलो, आता उडव. आणि शिट्टी दिलीस."

भोंगा म्हणाला, "मीही ऐकली शिट्टी. शिट्टीचीच शिट्टी होती ती. तशी दुसऱ्या कुणाला येत नाही."

खाली केलेल्या त्या कुजबुजीनंतर जावयांचा आवाज पुन्हा गेला होता, तो आठ दिवसांनी आला. आधी कुजबुज, मग हळूहळू पूर्ण. खाणीत मोजायची रीत त्या दिवसापासून बदलली. आता सगळे वर येऊन माझ्यासमोर ओळीने बसायचे, मी एकेकाच्या डोक्याला हात लावायचो, मगच शिट्टी. मैदानावर खेळायचं थांबलं नाही, पण चेंडू जाळ्यापलीकडे गेला तरी कुणी ओरडायचं नाही. पोरांना आयांनी कड्याला हाक मारायची बंदी केली. मुलीला आम्ही एवढंच सांगितलं की पाय घसरला. पोटुशी बाई, तिला कशाला सांगायचं.

महिन्याभराने मुकादम काम सोडून गेला. सामान बांधून झाल्यावर माझ्याकडे आला, उभ्या उभ्याच. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"शिट्टी, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या दिवशी शिट्टी द्यायच्या आधी तू… म्हणजे त्याने मला एक विचारलं होतं. मला तेव्हा विचित्र वाटलं. म्हटलं, घाबरलाय, काहीतरी बरळतोय. मी बोट दाखवून सांगून टाकलं."

"काय विचारलं?"

"तुझ्या मुलीचं घर कुठलं, ते."

मी चपला घातल्या की नाही, आठवत नाही. तीन वाजून गेले होते, सूर्य कड्यामागे गेला होता. ओळीतल्या घरांत दिवे लागले होते. मुलीचं दार उघडंच होतं. ती पीठ मळत बसली होती. मला बघून हसली.

"आज थांबलात म्हणायचं. मी म्हटलं, आजही दाराबाहेरूनच निघून जाताय की काय."

मी दाराची चौकट धरली. "मी कधी हाक मारली?"

"कालपर्यंत रोज तर मारत होता. महिना होत आला. याच वेळेला. 'जावई आले का घरी?' मी म्हणते, अजून नाही आले, या की आत. हात धुऊन दारात येते, तर तुम्ही गेलेले. मी यांना म्हटलंसुद्धा, बाबांना आताशा आमच्याकडे बसवत नाही."

मी आत जाऊन तिच्यासमोर बसलो. तिला घाबरवायचं नव्हतं. जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "हे बघ बाळ, यापुढे मी बाहेरून हाक मारणार नाही. आलो की नुसती कडी वाजवीन. कडी वाजली तर मी आहे असं समज. हाक आली तर दार उघडायचं नाही, ओ द्यायची नाही. जावयांनाही सांग."

तिचे पिठाचे हात परातीतच थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, थट्टा करतोय का हे बघत असावी तशी.

"सांगितलं की त्यांना," ती म्हणाली. "पण बाबा, हे सगळं तर तुम्ही काल दाराबाहेरून सांगून गेलात. आणि आज सकाळपासून तीनदा कडी वाजली."