आधी कोणी बोलायचं?

स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट परक्या माणसाच्या तोंडून ऐकायची पाळी आली, तर माणसाने काय करावं? मावशीने काहीच केलं नाही. हातातला चहा मात्र थंड होऊ दिला.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्या मंडळींची बैठक भरायची. त्या दिवशीचा विषय होता, ‘आयुष्यातला न विसरता येणारा क्षण’. एका नर्सबाईंनी जुळ्यांचा जन्म सांगितला. एका पोस्टमनने चावलेलं कुत्रं सांगितलं, आणि चावल्याची जागा दाखवायचीही तयारी दर्शवली. ती सगळ्यांनी नम्रपणे नाकारली. मग उभे राहिले नवे सभासद. उंच, जरासे वाकलेले, बोलण्याआधी चष्मा पुसणारे.

“मी हवामान खात्यात होतो,” ते म्हणाले. “संध्याकाळी त्या दिवसाचे आकडे वर्तमानपत्राला कळवायचे. ऊन किती, वारा किती, पाऊस किती. त्यासाठी बाहेरगावचा ट्रंक कॉल लावावा लागायचा. टेलिफोन एक्सचेंजमधली एक मुलगी तो जोडून द्यायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिचा आवाज... आता या वयात लाजू कशाला? प्रेमात पडलो.”

हॉलमधले पेंगणारेही सावरून बसले.

“एकदा धीर करून विचारलं, रविवारी बागेत येता का, कारंज्यापाशी? म्हणाली, येईन. ओळखायचं कसं? तर म्हणाली, आवाजावरून. मी गेलो. ती... आली नाही.”

एवढं बोलून ते खाली बसले. कुणीतरी हळहळलं. मावशीच्या कानातलं यंत्र मात्र उगीच कुईकुई करायला लागलं.

आली नाही? मावशी गेली होती की! नवे कपडे घालून, पायांत गोळे येईपर्यंत उभी राहिली होती. तिच्याशी कुणीही बोललं नव्हतं. घरी परतताना तिने एकच अर्थ लावला होता, की तो आला, त्याने लांबून पाहिलं, आणि चेहरा पसंत न पडल्याने आल्या पावली निघून गेला. पुढे दोन चांगली स्थळं चालून आली. मावशीने दोन्ही परतवली. एकाने न बोलता नाकारलं तेवढं पुरे, दुसऱ्याला बोलून नाकारायची संधी कशाला द्या? नोकरी केली, बहिणीची मुलगी वाढवली, चारचौघांत हसतखेळत राहिली. पण आरशासमोर उभं राहिलं की तो सल अजून टोचायचा.

आता हे गृहस्थ म्हणतात, ती आली नाही. हाच का तो? तो आवाज भरदार होता, उबदार होता. यांच्या आवाजात कवळीची शिट्टी वाजत होती. शिवाय जगात एक्सचेंज काय एकच होतं? मावशीला काही म्हणजे काही उमजेना.

बैठक संपली. ते खिडकीपाशी उभे राहून ढगांकडे पाहत होते. खोड जुनी असणार. मावशी जवळ गेली.

“तुमची ती मुलगी आली असेल तर?”

“आली असती तर बोलली असती.”

“आधी तिनंच का बोलायचं?”

“रोज तीच आधी बोलायची ना. मी फोन उचलला, की पहिला आवाज तिचा. मला तीच सवय. उभा राहिलो कान देऊन.”

“ते नोकरीत हो. बागेत बोलावलं कुणी? तुम्ही. मग आधी बोलायचं कुणी?”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“तुम्ही... त्या एक्सचेंजमध्ये...?”

“भिंतीकडून तिसरी खुर्ची,” मावशी म्हणाली. तिला वाटलं होतं, आपण हे अगदी सहज म्हणू. पण आवाज कापलाच.

ते खुर्चीत बसले. मावशीही बसली. दोघं एकमेकांच्या सुरकुत्या निरखू लागली. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे ‘उद्या कपडे वाळत घालू का?’ असं विचारणाऱ्या त्या तुम्ही!”



“ती चिमणी,” मावशी हळूच म्हणाली. “माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. मी रजेवर असले की तुमचा कॉल ती घ्यायची. कपड्यांचं तीच विचारायची, तिच्या वसतिगृहात दोरी गच्चीवर होती.”

“पण आवाज तर...”

“आम्हाला शिकवायचेच तसं. सगळ्या मुलींनी एकाच पट्टीत, एकाच गोडव्यानं बोलायचं. सख्ख्या आईला फरक कळायचा नाही.”

“अरे देवा,” ते म्हणाले. “मग चिमणीबाई कुठे असतात?”

“वारली गेल्या वर्षी.” मावशीला मैत्रिणीचं दुःख होतंच, आणि आत्ता तिचा थोडा मत्सरही वाटला. दोन्ही एकदम वाटल्याने ती अजूनच गोंधळली. “पण मला ताप आला होता, तेव्हा ‘तुमचा आवाज आज आजारी आहे, गरम पाणी प्या’ म्हणालात, ते मी विसरले नाही. त्याच दिवशी मी तुमच्या प्रेमात पडले.”

बोलून गेली, मग जीभ चावली. पण त्यांच्याच कपाळावर आठ्या होत्या.

“ते... मी नसेन हो. आमचे थोरले साहेब असतील. ऊठसूट सगळ्यांना गरम पाणी पाजायचे. खात्यात आम्ही तिघं होतो, पाळीपाळीनं फोन करायचो.”

मावशीचं डोकं गरगरलं. म्हणजे तिने प्रेम केलं ते तिघांवर मिळून, आणि त्यांनी दोघींवर मिळून! त्यातलं कोण कुणाच्या वाटणीला आलं, हे आता कुणाला विचारायचं? ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडूच यायला लागलं.

“बागेचं तरी तुम्हीच विचारलं होतंत ना?” तिने विचारलं. “की तेही साहेबांनी?”

“ते मीच. घाम फुटला होता मला, आठवतंय.”

“आणि हो म्हणाली ती मीच. एवढं तरी पक्कं.”

“पण मग तुम्ही दिसला कशा नाहीत?” ते कळवळून म्हणाले. “मी कारंज्याभोवती घिरट्या घालत होतो.”

“चांगली दिसण्यासारखी उभी होते. त्या पावसात चिंब भिजत.”

“पाऊस? त्या दिवशी पाऊस नव्हता. थेंबही नाही. मी स्वतः नोंदवलंय.”

“तुमच्या मापात पडला नसेल. माझ्या अंगावर पडला.”

“बाई, वारा होता. पश्चिमेचा, सोसाट्याचा. कारंज्याचं सगळं पाणी पलीकडच्या...” ते एकदम थांबले. त्यांचा हात अर्धवट वर तसाच राहिला. “पलीकडच्या अंगाला एक मुलगी उभी होती. नखशिखांत भिजलेली. सगळी माणसं तिथून सरकली, ही मात्र जागची हलेना.”

“हलले असते, तर आपली चुकामूक झाली असती ना.” मावशी म्हणाली. “पाहिलंत तर... मग निघून का गेलात?”

ते मान खाली घालून बसले. बोलले तेव्हा कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“तिला सांगावंसं वाटत होतं, इकडे कोरड्यात या म्हणून. पण म्हटलं, नेमकी तेवढ्यात आपली ती आली, आणि मला दुसरीशी बोलताना पाहिलं तर? आणि खरं सांगू? माझी नजर त्या मुलीवरून हटत नव्हती. एकीची वाट बघायची आणि टक लावून बघायचं दुसरीकडे, याची फार लाज वाटली. म्हणून पळालो. पुढे माझं लग्न झालं, संसार झाला, बायको चांगली होती, सहा वर्षांपूर्वी गेली. कुणालाच हे सांगितलं नाही. आजही भाषणात तेवढं गाळलंच मी.”

खाली वाचनालयात कुणीतरी पुस्तकांवर शिक्के मारत होतं, तो ठकठक आवाज तेवढा वर येत होता. मावशीने पदराआड नाही, सरळ त्यांच्यादेखत डोळे पुसले.

“म्हणजे मला कुणी नापसंत केलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“छे हो. पसंत पडलात म्हणून तर सगळा घोटाळा झाला.”

“इतकी वर्षं मी माझ्याच तोंडाला नावं ठेवत आले.”

“आता ठेवू नका,” ते म्हणाले, आणि मग चाचरत, “मला... अजूनही नजर हटवता येत नाहीये. पण आपण एकमेकांचे नक्की कोण, ते काही कळत नाही बुवा.”

“मलाही नाही,” मावशी म्हणाली. तिने पर्स उचलली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला. “घरी चला. भाची दार उघडेल आणि पहिला प्रश्न हाच विचारेल. काय सांगायचं, ते वाटेत ठरवू.”