भट्टीजवळची ऊब

दवाखाना उघडून मी जेमतेम कोट चढवला होता, तोच तो दारात उभा... कोपरापर्यंत पीठ आणि कवेत म्हातारी कुत्री. तिचं पोट तट्ट फुगलेलं.

"काय खाल्लं हिने?"

"कणीक. पावाची, कच्ची. पलीकडच्या गल्लीत माझी बेकरी आहे. भट्टीजवळ फुगायला ठेवली होती. हीपण तिथेच झोपते, ऊब असते ना... आईने लावलेली सवय." तो थांबला. "आई गेली. आता मला हीच आहे."

मला रागच आला. उबेत कणीक फुगते हे ज्याला पाठ, त्याला कुत्रीच्या पोटातही ऊबच असते, हे सुचू नये? पण बोलून काय उपयोग होता! आत कणीक फुगत होती, आणि यीस्टमुळे तयार होणारी दारू तिच्या अंगात भिनत होती. गुंगी देऊन, नळी घालून मी गार पाण्याने पोट धुवायला घेतलं. गारव्याने फुगणं मंदावतं.

"वाचेल?"

"सांगता येत नाही."

खोटा धीर द्यायची मला सवय नाही. पण त्या डोळ्यांकडे बघून पहिल्यांदाच वाटलं, द्यावा.

दुपार कलली तेव्हा तिने शेपटी हलवली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी पाण्याचा पेला पुढे केला. बोटांना बोटं लागली... दोघांनीही घाईने काढून घेतली.

मग तो येतच राहिला.

"आज काय तक्रार?"

"हिची... नखं वाढलीत."

"परवाच कापली की मी!"

"हो का? मग कान बघा."

एकदा मीच बेकरीत गेले. काय काय घातक, ते दाखवत सुटले — चॉकलेट, बिनसाखरेच्या बिस्किटांत गोडीसाठी घालतात ते झायलिटॉल, मनुका.

"मनुकासुद्धा?"

"किडनी जाऊ शकते."

त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो कुत्री आणि तिचं अंथरूण घेऊन दवाखान्यात आला.

"हिला ठेवून घ्या. माझ्याकडे हात लावीन तिथे विष आहे. आणि मी भेटायला येणार नाही, मला बघितलं की ती मागे लागेल."

मी अंथरूण परत त्याच्या हातात दिलं.

"भट्टीच्या खोलीला दार बसवा. सामान डब्यांत, वरच्या फळीवर ठेवा."

"एखाद्या दिवशी विसरलो तर? एकट्याने नाही जमत हो, डॉक्टर."

"एकट्याने करा, असं कोण म्हणतंय?"

आता माघार नव्हती. "मला नुसती कुत्री नकोय," मी म्हणाले. "घेईन तर मालकासकट."

तो हळूच म्हणाला, "मालक भल्या पहाटे उठतो. भांडी वाजतात."

"वाजू देत," मी म्हणाले.