पडल्या उसातलं शूटिंग

ढोकीत लग्नाचं शूटिंग म्हटलं की तौफिकचंच नाव निघतं. नवरदेवाचं पोट झाकावं तर त्यानं, आणि रुसलेल्या मामाला बरोब्बर चौकटीच्या कडेला ठेवावं तर तेही त्यानंच. माणूस पस्तिशीतला, घरात फक्त आई, अजीजाबी. लोकांची शेकड्यानं लग्नं लावली, स्वतःचं तेवढं राहून गेलं.

त्या हिवाळ्यात त्यानं दोन वस्तू घेतल्या. एक नवा फोन, ज्याचा वाईड कॅमेरा अख्खा मांडव खांबांसकट गिळायचा. दुसरी वस्तू म्हणजे तो फोन धरायचं गिंबल, मोटरी बसवलेली काठी. कोंबडी हातात धरून कशीही हलवा, तिची मुंडी जागची हलत नाही बघा, याचं तसंच. हात हिंदकळू दे, पाय अडखळू दे, फोन आपला थंड डोक्यानं सरळ बघत राहतो. वर त्यात एक करामत होती. पडद्यावर माणूस आला की त्याच्या तोंडाभोवती हिरवी चौकट बसायची, आणि तो जाईल तिकडं मोटर बारीक गुरगुरत फोन वळवायची. ही करामत दाखवायला तौफिक चहाच्या टपरीवर लोकांना स्वतःभोवती गोल गोल फिरवायचा. आणि लोक फिरायचेही! बिनकामाच्या माणसाला कुणीतरी आपल्याकडं बघतंय, एवढं पुरतं.

असाच एका दुपारी गावातले बागायतदार अमरसिंह यांचा फोन आला.

"तौफिक, उसात ये. तोडणीची टोळी आलीय. सांजच्याला फड पेटवायचाय, त्याच्या आत शूटिंग करून घे."

अमरसिंहांचा ऊस म्हणजे प्रकरण होतं. दीड वर्षाचा, वाऱ्यानं आडवा पडून पुन्हा शेंड्यानं उभा राहिलेला, असा गुंतलेला की कोयता घालायला जागा नाही. म्हणून तर पेटवायचा. पण जळायच्या आधी तो पीक स्पर्धेसाठी दाखवायचा होता. मागल्या साली त्यांनी व्हिडिओ पाठवला तेव्हा भावकीतल्या एकानं 'दोन वावरं जोडून दाखवलीत' म्हणून बोंब ठोकली होती. यंदा अमरसिंहांची अट एकच: या बांधावरून आत शिरायचं, पलीकडच्या बांधावर निघायचं, आणि मध्ये कुठं कापायचं नाही.

तौफिक पोचला तेव्हा उन्हं कलली होती. बांधावर टोळीतली रुद्रम्मा पान चघळत बसली होती. उमरग्याच्या पलीकडची बाई, केस पांढरे, मांडीवर पितळेची जुनी थाळी.

"यप्पा! ह्ये काय रं लेकरा? म्हशीला इंजेक्शन द्यायचं हाय का?"

"गिंबल हाय मावशी. यानं शूटिंग हलत न्हाय."

"शूटिंग न्हाय हलत, पर तूच हलतूयास की बदकावानी."

टोळीतले सगळे हसले. तौफिक गुडघे वाकवून चालायचा सराव करत होता, तेव्हा बाईचं काही चुकलं नव्हतं. अमरसिंह जीप इथंच ठेवून पलीकडच्या बांधावर जायला निघाले. टोळीचा मुकादम ज्ञानोबा मोटारसायकलवर त्यांना घेऊन गेला. तौफिक निघणार तसं रुद्रम्मानं त्याचं मनगट धरलं. आता ती हसत नव्हती.

"ऐक. थाळी वाजली की जितं असशील तितनं भाईर यायचं. तुला डोळ्यानं बघितल्याबिगर आमी काडी लावत न्हाय. पर एकदा का फड पेटला, आतनं कुनी बी हाक मारू दे, आमी ओ देत न्हाय."

"का?"

"उसाची पेरं फुटत्यात. मान्सावानी वरडत्यात. कवाकवा नाव घिऊन वरडत्यात... आमच्यातल्या एकीनं ओ दिली हुती. बगून येते म्हनून आत गेली."

"मग?"

"मग काय. ही थाळी तिचीच."

तौफिक हसला. बायकांनी घाबरवायचं आणि पुरुषांनी हसायचं, तशी रीतच पडलेली. त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि उसाच्या दोन ओळींमधल्या सरीत पाऊल टाकलं.

चार पावलांत ऊन संपलं. आत हिरवा, शिळा उजेड होता. खाली पाचट कुजल्याचा आंबूस वास, वर पात्याला पातं घासल्याची सळसळ, आणि ती सळसळ वाऱ्याची म्हणावी तर अंगाला वारा लागत नव्हता. तौफिकला त्याचं काही नव्हतं. त्याची नजर पडद्यावर होती. वाईडमध्ये सरी अशी काही दिसत होती, की बघत राहावं. दोन्ही बाजूंचे ऊस कडेला ताणले जाऊन आत वाकलेले, वर शेंड्यांची कमान, आणि मध्ये लांबच लांब बोगदा. अमरसिंह खूश होणार. तौफिक बदकासारखा, सावकाश, श्वास धरून चालत राहिला.

मग पडद्यावर हिरवी चौकट उमटली.

त्यानं बोट लावलं नव्हतं. बोगद्याच्या टोकाला, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, चौकट गच्च बसली होती. आत काहीच नव्हतं. नुसती पाती. 'फोनला वाटलं असेल एखादं पान तोंडावानी,' असं म्हणून तो पुढं गेला. चौकट तेवढीच राहिली. तो चालेल तेवढी ती मागं सरत होती. कुणीतरी त्याच्याकडं तोंड करून उलटं चालत असावं तशी.

मोटर गुरगुरली. फोन डावीकडं वळला, आणि तौफिकही वळला. आता हे सवयीनं. एवढी वर्षं कॅमेरा जिकडं तिकडं पाय. त्यानं एक वरंबा ओलांडला, दुसरा ओलांडला. फोन पुन्हा वळला. आणखी एक. कितव्या वरंब्यावर त्याच्या लक्षात आलं कुणास ठाऊक, पण लक्षात आलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा पडद्यावरून मान वर केली.

पडद्यावर सरी होती. समोर सरी नव्हती. आडवा पडलेला ऊस छातीला टेकला होता. मागं वळला, तर मागंही तेच. आत आला ती वाट पात्यांनी अशी मिटवली होती, की जणू कधी नव्हतीच.

आणि फोन वळतच होता. डावीकडून मागं. मागून उजवीकडं. पुन्हा समोर. सावकाश, एका चालीनं. टपरीवर लोकांना फिरवायचा ना तौफिक स्वतःभोवती? तसंच कुणीतरी फिरत होतं. हाताच्या अंतरावरून. पातं न हलवता.

"कोण हाय?..." त्यानं विचारलं.

तेवढ्यात थाळी वाजली. टण् टण् टण्. जीवात जीव आला. आवाज येतो तिकडं निघायचं, बस. तो दोन पावलं गेला, तर थाळी पाठीमागून वाजायला लागली. वळला, तर डावीकडून. अख्ख्या फडाभोवती एकच बाई एकाच वेळी सगळीकडं थाळी बडवत होती.

"मावशीऽ! अमरसिंहदादाऽ! मी हितं हाय! थांबा!"

थाळी थांबली. ऐकलं! ऐकलं असणार. तौफिक कान देऊन उभा राहिला. आणि अगदी जवळून, एखाद्या भिंतीच्या पलीकडून यावा तसा अमरसिंहांचा आवाज आला.

"आला की! शाबास रं पठ्ठ्या. झालं का एका दमात?"

तौफिकला कळेना, कुणाला म्हणतायत.

"आला का गडी?" रुद्रम्मा लांबून ओरडली.

"आलाऽ! ह्यो काय, हुबा हाय. असा गप का रं? घाबरलास का काय? ज्ञानोबा, ह्याला घरी सोड जा. बस तौफिक, मागं बस."

मोटारसायकल सुरू झाली. कुणीतरी मागं बसल्यावर दबलेल्या सीटचा कुरकुर आवाजसुद्धा त्याला ऐकू आला. मग गाडी लांब लांब गेली.

"मी हितं हायऽ! अमरसिंहदादाऽ, त्यो मी न्हायऽ!"

"लावा रं," अमरसिंह म्हणाले.

आधी नुसता वास आला. मग पाचटाचा तडतडाट, आणि मग वरचा हिरवा उजेड तांबडा व्हायला लागला. तौफिक ओरडला. नावं घेऊन ओरडला, आईची शपथ घालून ओरडला. बाहेर सगळं चिडीचूप. एवढी माणसं बांधावर असून एक खोकला नाही. तेव्हा त्याला उमगलं, की बाहेर सगळ्यांना ऐकू जातंय. सगळे ऐकतायत. आणि रुद्रम्मानं सगळ्यांना ओठ मिटून उभं केलंय. तो जेवढा ओरडेल, तेवढे ते ओठ घट्ट मिटतील.

आजूबाजूला पेरं फुटायला लागली. फाट्. फाट्. आणि खरंच सांगतो, त्यात आवाज होते. एक बाईचा होता.

मोटर शेवटची गुरगुरली. फोन पूर्ण मागं फिरला, आणि त्याचं भिंग तौफिकच्या तोंडावर येऊन थांबलं. पडदा पलीकडं गेला होता, त्यामुळं चौकट कशावर बसलीय ते दिसेना. त्याच्या तोंडावर असेल. किंवा त्याच्या खांद्यामागं जे काही असेल, त्याच्यावर.

तौफिकनं गिंबल टाकलं आणि तो जमिनीवर पालथा पडला.

खाली धूर कमी होता. हाताला ओली माती लागली, आणि मातीत वरंब्याची कड. वर ऊस कसाही पडू दे, खाली सरी ट्रॅक्टरनं पाडलेली असते, ती सुतात असते. तिला कुणी फसवू शकत नाही. त्यानं डोळे गच्च मिटले. वरंब्याची ज्या बाजूची माती गार लागली तिकडं तोंड केलं, डावा हात वरंब्यावर ठेवला आणि सरपटायला लागला. पाती तोंड कापत होती. शर्टाला ठिणग्या लागत होत्या. शेजारच्या सरीतून कुणीतरी त्याच्या बरोबरीनं सरपटत होतं, तो थांबला की थांबत होतं. तौफिकनं डोळे उघडले नाहीत. हात वरंब्यावरून काढला नाही.

हवा गार लागली तेव्हा तो बांधाच्या दगडावर आपटला.

शिरला होता तोच बांध. पलीकडून वळसा घालून आलेले अमरसिंह रुद्रम्माजवळ, दहा पावलांवर उभे होते. त्यांनी तौफिकला बघितलं आणि ते मागं सरले. रुद्रम्मानं थाळी छातीशी धरली.

"तू..." अमरसिंहांनी रस्त्याकडं बोट केलं. "तू तर आत्ता ज्ञानोबासंगं गेलास..."

"दादा, अम्मी घरी एकटी हाय," तौफिक म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. "मला घरी न्या. आत्ता."

"त्याला नेऊ नगा," रुद्रम्मा हळूच म्हणाली. "आधी बघा, कोन हाय त्यो."

पण अमरसिंह दिलाचा माणूस. त्यांनी जीप काढली. वाटेत ज्ञानोबाची मोटारसायकल समोरून परत येताना भेटली. त्यानं जीपमध्ये तौफिकला बघितलं आणि गाडी रस्त्याकडच्या चारीत घातली. अमरसिंह त्याला उचलायला उतरले, तोवर तौफिक उतरून पळत सुटला होता. गल्ली पुढ्यातच होती. दिवेलागण झालेली, गल्लीत चिटपाखरू नाही.

घराचं दार लोटलेलं होतं. आतून ताटाचा आवाज येत होता. कुणीतरी जेवत होतं. घाईघाईनं, पुष्कळ दिवसांच्या उपाशी माणसासारखं.

"अम्मी..."

दार बोटभर उघडलं. फटीत अजीजाबीचा एक डोळा दिसला.

"हळू बोल," ती म्हणाली. "माझा तौफिक जेवतोय."

आता एक गोष्ट सांगायला हवी. अजीजाबी घरात दखनी उर्दूत बोलायची. रागावली तरी दखनीत, लाडात आली तरी दखनीत. मराठी तिनं दारावर येणाऱ्या परक्या माणसांसाठी ठेवलेली होती. तौफिकशी ती जन्मात मराठीत बोलली नव्हती.

"अम्मी, मैं हूँ... मैंच तौफिक."

"त्यो बी ह्येच म्हनला."

"त्याला बाहेर काढ अम्मी." तिच्या मराठीपुढं त्याच्याही तोंडून मराठीच निघाली. "त्यो मी न्हाय. मी उसात अडकलो हुतो, मला... माझ्याकडं बघ की गं!"

ती बघत होती. त्याच्या जळक्या शर्टाकडं, कापलेल्या गालाकडं. डोळ्यात पाणी भरलं होतं, पण दारावरचा हात सैल होत नव्हता. आत ताटाचा आवाज थांबला. जेवणारा कान देऊन ऐकत असावा.

"त्यानं आल्या आल्या सांगितलं मला," ती कुजबुजली. "म्हनला, मागून एक येईल. माझ्यावानीच दिसंल, माझ्यावानीच रडंल. त्याला आत घिऊ नको."

"अम्मी..."

अजीजाबीची नजर त्याच्या तोंडावरून सरकली. खांद्यावरून मागं, अंधाऱ्या गल्लीत गेली, आणि तिथंच थांबली. दाराची फट मिटत मिटत केसाएवढी उरली.

"पर त्यो एकच येईल म्हनला हुता," ती म्हणाली. "तुमी तर दोघं आलाव..."