बासष्ट पावलं

२२ नोव्हेंबर, शनिवार. दिवसभर ढग, संध्याकाळपासून धुकं. वारा नाही. साडेनऊला वीज गेली.

आम्ही सगळे पायऱ्यांवर येऊन बसलो. भाच्यांनी मामांकडे भुताची गोष्ट मागितली.

"गोष्ट नाही. घडलेलं सांगतो," मामा म्हणाले. "टेपकाकांचं. येत्या तीन तारखेला दहा वर्षं होतील."

टेपकाका म्हणजे मामांचे साहेब, मोजणीदार. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मामांच्या. अशी दोघांची वीस वर्षं गेली.

"काकू म्हणायच्या, बघायला आले तेव्हा माझी उंचीसुद्धा मोजून गेले."

"मग, पास झाल्या का काकू?" धाकटीने विचारलं.

"अर्ध्या इंचाने."

सगळे हसले. मामाही हसले, पण लवकर थांबले.

गावातली लहान मुलं हमरस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जायची. गावात नवी प्राथमिक शाळा मंजूर झाली. पहिली ते चौथी, चार खोल्या. जागा मिळाली ती बुजवलेल्या दगडखाणीच्या काठाला. नियम असा, की चार कोपऱ्यांत चार खड्डे खणायचे आणि चार फुटांवर कातळ लागला तरच बांधायचं. तीन खड्ड्यांत लागला. चौथा फाटकाकडचा. तोवर अंधार पडला, खणणारे निघून गेले. कागद शुक्रवारी पोचले नाहीत तर शाळा दुसऱ्या गावाला जाणार होती. टेपकाकांनी चौथ्यापुढेही लिहिलं, चार फूट.

"न खणताच?"

"न खणताच. आयुष्यात न मोजता लिहिलेलं एवढं एकच माप."

मग त्यांनी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खोल्या आखल्या. प्रत्येक खोलीत मधोमध वर्गाच्या आकड्याची लाकडी खुंटी ठोकली. नकाशात पहिलीचा वर्ग अगदी टोकाला होता. काकांनी तो फाटकाजवळ आणला. जूनमध्ये त्यांची नात चिमणी पहिलीत जाणार होती. तिचा डावा पाय लुळा, ओढत चालायची. तिला बोटाला धरून काकांनी जागेवर फिरवलं होतं. टोकाच्या खोलीपर्यंत तिची बासष्ट पावलं होत होती. फाटकाजवळच्या खोलीपर्यंत अकरा.

"एवढ्याशा जिवाला कशाला दमवायचं?" ते म्हणाले होते.

बुधवारी सकाळी पहिलीची खुंटी टोकाच्या खोलीत दिसली. काकांनी ती परत आणून ठोकली. गुरुवारी पुन्हा तेच.

"पोरांचा चावटपणा. आज धरतोच एकेकाला," काका म्हणाले.

तीन डिसेंबर, गुरुवारची रात्र. दोघं फाटकाशी बसले. सोबत एक बॅटरी. अकरा वाजले, बारा वाजले. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

दोन वाजून वीस मिनिटं.

खुंटी हलली.

दात हलवून काढावा तशी वर आली. आजूबाजूला कोणी नव्हतं. काकांनी बॅटरी मारली. फक्कीत एक ठसा उमटला. लहान, अनवाणी. त्याच्या बाजूला एक रेघ. पुन्हा ठसा. पुन्हा रेघ…

"कोण आहे?"

…

"कोण आहे रे?"

…

खुंटी टोकाच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

काकांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "खुंटी ओढत नेली, त्याची ती रेघ." आवाज त्यांचा वाटत नव्हता. त्यांनी खुंटी परत आणली आणि डोकं जमिनीत जाईपर्यंत घण घातले. त्या रात्री त्यांनी काही मोजलं नाही.

"आणि तुम्ही?" थोरल्याने विचारलं.

मामांनी विडी पेटवली.

"उजाडताना मी ठसे मोजले. बासष्ट."

"सांगितलंत त्यांना?"

"…नाही."

दहा वाजता काकांनी कागदांवर सही केली. खुंटीवरच फरशी झाली. जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी चिमणी अकरा पावलांत वर्गात गेली आणि मागे वळून आजोबांकडे बघून हसली.

नऊ ऑगस्ट, मंगळवार. रात्रीपासून पाऊस. दहा वाजून चाळीस मिनिटांनी पहिलीच्या वर्गाची जमीन खचायला लागली. वर्गात एकोणीस मुलं होती. बाई ओरडल्या, पळा. अठरा पळाली. बाई एकोणिसावीसाठी परत वळल्या तेव्हा दारात जमीनच उरली नव्हती.

तिला सव्वातीनला काढलं.



"खुंटी?" धाकटी हळूच म्हणाली.

"टोकाच्या खोलीच्या दारात होती. उभी. फाटकापासून तिथपर्यंत फक्कीचे ठसे. ठसा, रेघ. ठसा, रेघ. पाऊस सहा वाजेपर्यंत थांबला नव्हता. फक्की कोरडी होती."